बैलघोडा हॉस्पिटलात मांजर कधी आलं?

नायगावात कुणालाही जनावरांचा दवाखाना विचारा. उत्तर एकच मिळेल : "परळला, बैलघोडा." पाटीवरचं नाव वेगळं आहे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स. पण लोकांनी ते कधी तोंडात बसवलं नाही. रिक्षा-टॅक्सीवाल्यांना आणि चाळीतल्या आजीला 'बैलघोडा' म्हटलं की कळतं.

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आजच्या लेखात या टोपणनावाकडे आपण एक ऐतिहासिक साधन म्हणून बघणार आहोत. निमित्त आहे एका विषयाचं. सिनॉप्सिससाठी विषय शोधणाऱ्यांच्या यादीत हल्ली तो बरेचदा दिसतो : 'मांजरांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या जखमांसाठी वनस्पतिजन्य अँटिसेप्टिक'. विषय छान आहे, उपयोगाचाही आहे. चाळीतल्या मांजरांची नसबंदी करून आणणारी माणसं आता गल्लोगल्ली आहेत. घरी आणल्यावर टाक्यांवर काय लावायचं, हा त्यांचा रोजचा प्रश्न असतो. कुणी हळद सांगतं, कुणी कडुनिंबाचा पाला, कुणी खोबरेल तेलात काहीतरी उकळून.

अशा सिनॉप्सिसची सुरुवात बहुधा एका ठरलेल्या वाक्याने होते : 'प्राचीन काळापासून भारतात जखमांवर वनस्पतींचा वापर होत आला आहे.' वाक्य खरं आहे. पण त्यात एक शब्द कमी आहे. जखमांवर म्हणजे कुणाच्या जखमांवर? आजचा सगळा लेख या एका प्रश्नाभोवती आहे. माझं काम इतिहासाचं आहे, औषध सांगणं हे पशुवैद्याचं काम. पण जुना पुरावा कसा वाचायचा, हे तुम्हाला दोन्हीकडे लागेल.

नावात कोण आहे, कोण नाही

मुंबईत प्राण्यांच्या छळाला आळा घालणारी संस्था, म्हणजे आजची बीएसपीसीए, १८७४ साली स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईत घोड्यांनी ओढायच्या ट्राम सुरू झाल्या आणि त्या १९०५ पर्यंत चालल्या. माल बैलगाड्यांतून जायचा, माणसं घोड्यांच्या मागे बसून. शहराची सगळी वाहतूक जनावरांच्या खांद्यांवर होती. म्हणूनच खांद्यावरचं घासणं, खुराची जखम आणि चाबकाचे वळ हा रस्त्यावर रोज दिसणारा प्रश्न होता. गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८० च्या दशकात परळचं हॉस्पिटल उभं राहिलं, त्यांच्या पत्नीच्या नावाने. १८८६ साली तिथेच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

म्हणजे 'बैलघोडा' हे नाव लोकांनी गमतीने दिलेलं नाही. आत कोण भरती होतं, ते बघून दिलेलं आहे.

आता या कॉलेजचे पहिले प्रिन्सिपल जे. एच. स्टील यांची ग्रंथसूची बघा. बैलांच्या रोगांवर पुस्तक १८८१ साली, हत्तींच्या रोगांवर १८८५, कुत्र्यांच्या रोगांवर १८८८, मेंढ्या आणि उंटांवर १८९०. प्रत्येक जनावरामागे एक गिऱ्हाईक उभं आहे. बैलामागे शेती, हत्ती-उंटांमागे लष्कर आणि सरकारी खाती, मेंढीमागे लोकर, कुत्र्यामागे साहेबाची शिकार. या यादीत मांजर नाही. स्टील यांना मांजराचा राग होता असं कुणी समजू नये. मांजराच्या उपचाराचे पैसे कुणी देत नव्हतं, म्हणून त्याचं पुस्तकही कुणी मागत नव्हतं.

इथे पहिली गोष्ट टिपून ठेवा : कुठल्या शरीराबद्दल ज्ञान साठतं, हे त्या शरीराची किंमत कोण मोजतं यावर बरंचसं ठरतं. लिटरेचर रिव्ह्यू करताना तुम्हाला जे 'गॅप' दिसतात, त्यांतले कित्येक असे तयार झालेले असतात.

ग्रंथांतलं मांजर

"ते ब्रिटिशांचं झालं. आपल्याकडे तर प्राण्यांचा आयुर्वेद होता!" असं तुम्ही म्हणाल. होताच. पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद' पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापला. भलामोठा ग्रंथ आहे आणि त्यात चक्क 'शल्यस्थान' नावाचा स्वतंत्र विभाग आहे. घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा आहे, जयदत्ताचं 'अश्ववैद्यक' आहे. पण ही परंपरा कुठे फुलली ते बघा : राजाच्या हत्तीखान्यात आणि पागेत. युद्धात बाण लागलेला हत्ती बरा होणं ही राज्याची गरज होती. मांजरासाठी असा स्वतंत्र ग्रंथ सिनॉप्सिसमध्ये कुणी दाखवत नाही. दाखवला जातो तो सुश्रुत.

सुश्रुतसंहिता या विषयात खरोखर श्रीमंत आहे. चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात, द्विव्रणीयात, व्रणावरचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यात काढ्याने धुणं आहे, कल्क लावणं आहे, औषधी तूप-तेल आहे, चूर्ण भुरभुरवणं आहे, धुरी देणं आहे. सूत्रस्थानात शस्त्रकर्मानंतर गुग्गुळ, वेखंड, पांढरी मोहरी, कडुनिंबाची पानं वगैरे तुपात कालवून धुरी द्यायला सांगितली आहे. हा ग्रंथ नीट संपादित रूपात वाचायचा तर आजही हात मुंबईकडेच जातो. निर्णयसागर छापखान्याने काढलेली यादवजी त्रिकमजी आचार्य यांची आवृत्ती अभ्यासकांच्या टेबलावर असतेच.

पण सुश्रुताचा रुग्ण माणूस आहे. सुश्रुतात कडुनिंब आहे, हे एक विधान. कडुनिंब मांजराच्या टाक्यांवर चालेल, हे दुसरं विधान. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला पूल लागतो आणि तो पूल सुश्रुताने बांधलेला नाही. तो तुम्हाला बांधायचा आहे.

मग मांजर कागदपत्रांत येतं तरी कुठे? गंमत म्हणजे प्लेगमध्ये. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. तीन वर्षांत हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली, म्हणजे बैलघोड्याच्या शेजारीच. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे जसजसं मान्य होत गेलं, तसतशी मांजराला किंमत आली. अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहिला. त्याचा मथळाच 'प्लेग रोखणारी मांजरं' अशा अर्थाचा होता. ज्या गावांत मांजरं जास्त, तिथे प्लेग कमी, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे वऱ्हाडातलं मांजर वैद्यकाच्या दप्तरात आलं, पण उंदीर मारणारा नोकर म्हणून. रुग्ण म्हणून त्याला अजून बराच वेळ होता.

जगातही फार वेगळं नव्हतं. मांजरांच्या आजारांसाठी वेगळी संस्था, फेलाइन ॲडव्हायझरी ब्यूरो, इंग्लंडमध्ये निघाली ती १९५८ साली. तोवर मांजर म्हणजे 'लहान कुत्रा' असं धरून डोस ठरवायची सवय सगळीकडे होती.

वनस्पती आणि रसायन : ही भिंत किती पक्की?

आता 'अँटिसेप्टिक' या शब्दाकडे येऊ. जोसेफ लिस्टरने १८६५ साली ग्लासगोत एका ११ वर्षांच्या मुलाच्या पायाच्या उघड्या फ्रॅक्चरवर कार्बोलिक ॲसिड लावलं. १८६७ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे लेख आले आणि शस्त्रक्रियेचा इतिहास बदलला. ही कल्पना त्याला सुचली त्यात जनावरांचाही हात आहे, बरं का. कार्लाइल गावात सांडपाण्यात कार्बोलिक टाकल्यावर त्या पाण्याच्या कुरणात चरणाऱ्या गुरांना पूर्वी होणारी कृमींची बाधा थांबली, असं त्याच्या वाचनात आलं होतं.

कार्बोलिक ॲसिड म्हणजे फिनॉल. ते दगडी कोळशाच्या डांबरातून काढायचे. 'रासायनिक' अँटिसेप्टिकचा हा मूळपुरुष. आता स्वयंपाकघरात या. ओवा चुरडल्यावर जो झणझणीत वास येतो, तो थायमॉलचा. ओव्याच्या तेलातून थंडीत जमणारे स्फटिक आपल्याकडे 'ओव्याचं फूल' म्हणून विकले जात. हे स्फटिक म्हणजे थायमॉल, हे १८५० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी ओळखलं. पुढे जर्मनीतल्या शल्यवैद्यांनी कार्बोलिकला पर्याय म्हणून थायमॉलच्या पट्ट्या वापरून पाहिल्या. पहिल्या महायुद्धाआधी भारतातून ओवा जहाजं भरून जर्मनीला जायचा, त्याचं थायमॉल तिथे निघायचं आणि औषध म्हणून जगभर विकलं जायचं.

आणि थायमॉल रसायनाच्या भाषेत काय आहे? फिनॉलच्याच कुळातला. कोळशाच्या डांबरातला कार्बोलिक आणि ओव्यातलं थायमॉल एकमेकांचे चुलतभाऊ आहेत. उलट बाजूने आयोडीन बघा. दवाखान्यातली तपकिरी बाटली आपल्याला पक्की 'केमिकल' वाटते. पण आयोडीन पहिल्यांदा सापडलं १८११ साली, समुद्रशेवाळाच्या राखेत. तेव्हा 'वनस्पतिजन्य म्हणजे सौम्य, रासायनिक म्हणजे कडक' ही विभागणी इतिहासात टिकत नाही. ती विभागणी दुकानातल्या वेष्टनांवर जास्त आढळते.

मोजमापाचाही इतिहास इथे महत्त्वाचा आहे. १९०३ साली रिडील आणि वॉकर यांनी अँटिसेप्टिकची ताकद मोजायची एक कसोटी दिली. विषमज्वराचे जंतू घ्यायचे, फिनॉलने ते किती पातळ द्रावणात मरतात ते बघायचं आणि आपला पदार्थ फिनॉलच्या किती पट आहे ते सांगायचं. याच पद्धतीने १९२० च्या दशकात ऑस्ट्रेलियात आर्थर पेनफोल्ड यांनी टी-ट्रीच्या तेलाची ताकद फिनॉलच्या सुमारे ११ पट सांगितली. आकडा प्रभावी होता आणि तेल जगभर गेलं. पण या कसोटीत जंतू आहेत, द्रावण आहे, परीक्षानळी आहे. ज्याला जखम झाली आहे, तो रुग्ण कुठेच नाही.

आजही आगारच्या थाळीत अर्काभोवती जी स्वच्छ चकती दिसते, तिच्या मिलिमीटरच्या आकड्यांवर कित्येक प्रबंध उभे राहतात. तिथेही हाच प्रश्न विचारा. जंतू मेला ते ठीक, पण हेच द्रावण मांजराच्या कातडीवर गेलं, तिने ते चाटलं आणि ते पोटात गेलं तर काय?

हळदीचा खटला नेमकं काय सांगतो?

या विषयाच्या जवळजवळ प्रत्येक लेखात हळदीच्या पेटंटचा उल्लेख असतो. आणि तो बहुधा चुकीच्या जागी असतो. म्हणून हे प्रकरण नीट समजून घ्या.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना 'जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर' यासाठी पेटंट मिळालं. सीएसआयआरने १९९६ साली त्याला आव्हान दिलं. तेव्हा महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, आपल्या गिरगावात वाढलेले. संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतले आणि जुन्या नियतकालिकांतले मिळून ३२ संदर्भ पुढे ठेवले गेले. त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ चा निबंधही होता. १९९७ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने दावे फेटाळले. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहायला लागलं, त्याच्या मागे हाच धडा होता.

संशोधक म्हणून मला हा खटला फार आवडतो, कारण तो ग्रंथालयात जिंकला गेला. पण कार्यालयापुढचा प्रश्न काय होता? 'ही गोष्ट नवी आहे का?' एवढाच. हळद जखम भरते का, किती भरते, कुणाची भरते, हे तिथे कुणी विचारलं नव्हतं आणि विचारायची गरजही नव्हती. त्या ३२ संदर्भांनी एक गोष्ट सिद्ध केली : हे लोकांना आधीपासून माहीत होतं. तुमच्या प्रबंधात तुम्ही हा खटला 'हळद गुणकारी असल्याचा पुरावा' म्हणून मांडलात, तर बाहेरचा परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला धरेल. 'पी हळद नि हो गोरी' ही म्हण आपल्या आज्यांनी उतावळ्यांसाठी केली होती. ती लिटरेचर रिव्ह्यूलाही लागू पडते.

दगडीपाल्याचं वय

अजून एक उदाहरण घेऊ, कारण ते अस्सल आपलं वाटतं. गावाकडे खरचटलं की पोरं दगडीपाला चुरगाळून त्याचा रस जखमेवर पिळतात. कुणी त्याला एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी. नायगाव-लालबागच्या चाळींत कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी हे ज्ञान बरोबर आणलं. रेल्वेच्या रुळांकडेला हे रोप आजही उगवलेलं दिसतं.

हे रोप मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातलं आहे. मिरची, पेरू, बटाट्याप्रमाणे ते समुद्र ओलांडून आलं. म्हणून सुश्रुतात ते असणं शक्यच नाही. म्हणजे आपल्या लोकांनी एक परदेशी तण पाहिलं, वापरून बघितलं, रक्त थांबतंय असं अनुभवलं आणि काही शतकांत ते 'आजीचं औषध' झालं. मला यात परंपरेचा अपमान दिसत नाही. उलट परंपरा चालती-बोलती, प्रयोग करणारी होती, याचा हा पुरावा आहे. पण 'हजारो वर्षांपासून' असं मात्र लिहू नका.

दगडीपाल्यावर १९८० च्या दशकापासून भारतीय नियतकालिकांत जखम भरण्याचे प्रयोग छापून आले आहेत. हे प्रयोग मुख्यतः प्रयोगशाळेतल्या उंदरांवर झाले. आणि इथे आपली जुनी म्हण उलटी होते. 'उंदराला मांजर साक्ष' म्हणतात ना? आपल्या विषयात मांजराला उंदीर साक्ष आहे. ही साक्ष का चालत नाही, ते आता बघू.

मांजराचं यकृत

शरीरात शिरलेल्या बऱ्याच परक्या पदार्थांना यकृत एक साखरेसारखा रेणू चिकटवतं. त्यामुळे तो पदार्थ पाण्यात विरघळतो आणि लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर पडतो. माणूस हे करतो, कुत्रा करतो, उंदीर करतो. १९५८ साली 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये रॉबिन्सन आणि विल्यम्स यांचा एक निबंध आला. शीर्षकच प्रश्नार्थक होतं : मांजरं ग्लुक्युरोनाइड बनवतात का? म्हणजे हा साखरेचा रेणू चिकटवायचं काम मांजराला जमतं का? काही पदार्थांच्या बाबतीत ते फारच लंगडं आहे, हे हळूहळू स्पष्ट होत गेलं. २००० साली कोर्ट आणि ग्रीनब्लॅट यांनी त्याचं मूळ दाखवलं. फिनॉलसारख्या छोट्या रेणूंवर काम करणारं एक एन्झाइम ज्या जनुकातून तयार होतं, ते जनुक मांजरात मोडकं आहे. २०११ साली पुढचं संशोधन आलं : हे फक्त पाळीव मांजरात नाही, तर वाघ-सिंहांच्या सगळ्या मार्जारकुळात आहे.

असं का? संशोधकांनी मांडलेली एक शक्यता विचार करण्यासारखी आहे. या कुळाचे पूर्वज जवळपास निव्वळ मांसावर जगले. झाडपाला खाणाऱ्या प्राण्याला रोज झाडांच्या विषांशी सामना करावा लागतो, म्हणून ते एन्झाइम शाबूत राहतं. मांजराच्या पूर्वजांना त्याची गरजच पडली नाही. जनुक बिघडलं तरी काही अडलं नाही.

आता हे आपल्या विषयाला लावून बघा. वनस्पती जंतुनाशक पदार्थ कशासाठी बनवतात? आपल्यासाठी नाही. बुरशी, किडे आणि चरणारी जनावरं यांच्यापासून स्वतःला वाचवायला. ओव्यातलं थायमॉल काय, निलगिरीचं तेल काय, हे झाडांचे बचाव आहेत. आणि फिनॉलच्या कुळातले बचाव पचवून बाहेर टाकायला मांजर फारच कच्चं. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ॲस्पिरिनचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला मांजरात सुमारे ३८ तास लागतात. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं घरातलं अँटिसेप्टिकही फिनॉलच्याच कुळातलं. त्यात भर म्हणजे मांजर अंग चाटतं. बैलाच्या खांद्यावर लावलेलं तेल खांद्यावर राहतं. मांजराच्या पोटावर लावलेलं तेल तासाभरात पोटात जातं.

पेनफोल्ड यांचं ११ पट ताकदीचं टी-ट्री तेल आठवतंय? १९९८ साली एका पशुवैद्यकीय जर्नलमध्ये तीन मांजरांची नोंद आली. पिसवांसाठी त्यांच्या कातडीवर ते तेल पातळ न करता लावलं होतं. तोल जाणं, अंग थरथरणं, एकीला तर बेशुद्धी. दोन वाचल्या, तिसरी काही दिवसांत मेली. जंतूंच्या कसोटीला पहिला नंबर मिळवलेलं तेल रुग्णाच्या कसोटीवर असं निघालं. लावणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. 'नैसर्गिक आहे' यावर विश्वास होता.

दुसरीकडे सगळ्याच वनस्पती एका मापाने मोजू नका. हळदीची पूड आणि ओव्याचं निव्वळ तेल यांचा धोका सारखा नाही. पाण्यातला काढा, तुपातला कल्क आणि ऊर्ध्वपातनाने काढलेलं तेल ही तीन वेगळी औषधं आहेत, झाड एकच असलं तरी. सुश्रुताने काढा, कल्क, तूप, तेल अशी वेगवेगळी नावं देऊन वेगवेगळे उपक्रम मोजले, ते उगाच नाही.

आणि जखमेबद्दलही एक गोष्ट. २००४ साली बोहलिंग आणि सहकाऱ्यांनी मांजर आणि कुत्रा यांच्या कातडीच्या जखमा कशा भरतात याची तुलना छापली. टाके घातलेली मांजराची जखम सातव्या दिवशी कुत्र्याच्या जखमेच्या निम्म्याच ताकदीची होती. म्हणजे जखमेच्या बाबतीतही 'लहान कुत्रा' हे समीकरण मोडलं. बैल, घोडा, हत्ती तर फारच लांब राहिले.

मग विषय सोडायचा का?

अजिबात नाही. उलट आता विषय खरा सुरू होतो. फक्त सिनॉप्सिस लिहिण्याआधी चार कामं करा.

पहिलं, वहीत एक तक्ता आखा. प्रत्येक संदर्भापुढे एक रकाना ठेवा : 'कुणाचं शरीर?' माणूस, हत्ती, घोडा, बैल, उंदीर, थाळीतला जंतू, मांजर. तीस संदर्भ भरल्यावर शेवटच्या घरात किती खुणा आहेत ते मोजा. तो आकडा म्हणजे तुमच्या विषयाची गरज. सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर तोच लिहा.

दुसरं, वनस्पती नक्की कुठली ते पक्कं करा. हळद आणि दारुहळद यांच्या नावात साम्य आहे, कुळं पूर्ण वेगळी आहेत. बोलीतलं नाव गावागणिक बदलतं. जुन्या मुंबई इलाख्यातल्या नावांसाठी विल्यम डायमॉक यांचे १८८० च्या दशकातले ग्रंथ आणि कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचा बसूंबरोबरचा १९१८ चा ग्रंथ चाळा. आणि नमुना वाळवून झेवियर्स कॉलेजमधल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या ठिकाणी ओळखून घ्या. ओळख चुकली तर पुढची तीन वर्षं वाया.

तिसरं, तुलना कुणाशी ते ठरवा. चांगल्या पशुवैद्याने निर्जंतुक हाताने घातलेल्या टाक्यांवर बरेचदा काहीच लावावं लागत नाही. जखम कोरडी ठेवायची, गळ्यात कॉलर घालायची, चाटू द्यायचं नाही. तेव्हा तुमच्या वनस्पतीची स्पर्धा फक्त क्लोरहेक्सिडीन आणि पोव्हिडोन-आयोडीनशी नाही, 'काहीही न लावण्या'शीही आहे. हा गट अभ्यासात नसेल, तर औषधाने बरं झालं की आपोआप, हे कळणारच नाही.

चौथं, सुरक्षिततेचा प्रश्न गुणाच्या आधी ठेवा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांना संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते. समिती विचारणारच : या अर्कात फिनॉलच्या कुळातलं काय आणि किती? चाटल्यावर किती पोटात जाईल? या प्रश्नांना तुमच्याकडे आकड्यात उत्तर हवं. 'प्राचीन काळापासून' हे उत्तर तिथे चालत नाही.

ज्यांच्या घरात किंवा जिन्याखाली टाके घातलेलं मांजर आत्ता आहे, त्यांच्यासाठी एकच : प्रबंध होईपर्यंत थांबा. घरचं तेल, ओव्याचा अर्क, निलगिरी, फरशी पुसायचं अँटिसेप्टिक यांतलं काहीही लावू नका. टाके लाल दिसले, पाणी सुटलं, तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना दाखवा. नायगावहून परळ काही लांब नाही. आणि आता त्या बैलघोडा हॉस्पिटलाच्या दारात पिंजरे आणि टोपल्या घेऊन उभी असलेली कित्येक माणसं मांजरांचीच असतात. नाव मात्र अजून बैलाचं आणि घोड्याचं आहे. आपल्या संदर्भसूचीचंही सध्या तसंच आहे. ती बदलायचं काम तुमच्यापैकी कुणीतरी अंगावर घ्यावं, म्हणून हा लेख.